दोनदा ओढून पाहिलेलं कुलूप

थोरल्याचा धंदा कुलपांचा, पण त्याचा कुलपावरही विश्वास नव्हता. दुकान बंद केलं की तो कुलूप दोनदा ओढून बघायचा, चार पावलं जायचा आणि परत येऊन तिसऱ्यांदा ओढायचा. "त्या कुलपालाच आता स्वतःचा संशय यायला लागला असेल," बायको म्हणायची. अशा माणसासमोर सख्खा भाऊ लॅपटॉप झाकायला लागला, मग काय विचारता!

दोघं भाऊ एकाच दुकानात. थोरला मशीनवर चाव्या कापायचा आणि धाकटा लोकांच्या घरी जाऊन अडकलेली दारं उघडायचा. हल्ली धाकटा सवड मिळाली की मोबाईलचं अ‍ॅप बनवायची भाषा शिकत बसायचा. कोटलिन म्हणे तिचं नाव. थोरला जवळ आला की लॅपटॉपचं झाकण खाली.

"काय चाललंय?"

"काही नाही रे दादा. शिकतोय."

'काही नाही' म्हणणाऱ्याकडे काहीतरी असतंच, हे थोरल्याचं पक्कं मत. फोनने उघडणारी कुलपं बनवणारी एक कंपनी माणसं शोधत होती, हेही त्याच्या कानावर आलं होतं. ज्याला हाताला धरून कानस चालवायला शिकवलं, तोच आता आपल्याला सोडून जाणार, ही धास्ती त्याने जेवताना बायकोला बोलून दाखवली.

"अहो, सरळ विचारा ना त्याला," बायको म्हणाली.

"विचारलं तर खोटं बोलेल."

"आणि नाही विचारलं तर?"

"तर मी शोधून काढीन."

आणि पठ्ठ्या खरंच ती भाषा शिकायला बसला. मशीनमागे, कानात इअरफोन घालून, फोनवर धडे बघत. एकदा ठेवली की बदलत नाही अशी वस्तू वेगळी, बदलणारी वेगळी, इथवर ठीक होतं. पुढचा धडा मात्र त्याच्या काळजालाच भिडला. ही भाषा कुणावर भरवसा ठेवत नाही. एखादी जागा रिकामी असू शकते, तर तिच्यापुढे प्रश्नचिन्ह लावायचं आणि वापरण्याआधी आत कुणी आहे का ते बघायचं. "भाषा बनवणारा आपल्यातलाच दिसतो," तो पुटपुटला. फारच खात्री असेल त्याने दोन उद्गारचिन्हं लावायची: तपासू नका, माझी हमी. हमी खोटी ठरली की अ‍ॅप जागच्या जागी बंद. अशी हमी देणाऱ्या खुळ्यांची त्याला कीव आली.

एका दुपारी कुणाचं तरी मूल न्हाणीघरात अडकलं. धाकटा हत्यारं घेऊन तसाच धावला आणि लॅपटॉप उघडा राहिला. थोरल्याने हाताचं तेल पुसलं आणि खुर्चीत बसला.

अ‍ॅप त्यांच्याच दुकानाचं होतं. दार अडकलं की गिऱ्हाइकाने बटण दाबायचं, जो भाऊ मोकळा त्याला फोन जाणार. निम्मं त्याला कळलं नाही. दोन ओळी कळल्या. एकीत इंग्रजी अक्षरांत 'दादा', कधीच न बदलणारा. खालच्या ओळीत 'धाकटा', बदलणारा, आणि पुढे प्रश्नचिन्ह.

संशय खरा निघाला की त्याला एरवी भारी समाधान वाटायचं. आज मात्र आपण चुकलोय का म्हणून त्याने ती ओळ तिसऱ्यांदा वाचली.

धाकटा परत आला तो दारातच थबकला. "तू वाचलंस? तुला येतं हे?"

"प्रश्नचिन्हापर्यंत आलंय. कंपनीने घेतलं ना तुला?"

"हो." धाकट्याने मान खाली घातली. "हे पुरं झालं की सांगणार होतो. तू दुसरा माणूस ठेवणार नाहीस, दादा. तुझा कुणावर विश्वासच नाही. एकट्याला झेपायला तर हवं ना तुला?"

थोरल्याने लॅपटॉप जवळ ओढला. धाकट्याला फोन लावायची ओळ त्याने शोधली आणि एका बोटाने तिथे दोन उद्गारचिन्हं लावली. जन्मात ज्याने कुलूप न ओढता सोडलं नाही, त्याने न तपासता हमी दिली.

"दादा, अरे, मी नसलो की बंद पडेल ते."

"चालव."

धाकट्याने अ‍ॅपमधली आपली जागा रिकामी केली आणि लॅपटॉपवरच्या नकली फोनमधलं बटण दाबलं. अ‍ॅप बंद पडलं.

"पुन्हा."

पुन्हा बंद पडलं. मग थोरल्याने स्वतः तिसऱ्यांदा दाबून पाहिलं.

तेव्हाही तेच. मग दोन्ही चिन्हं त्याने आपल्या हाताने पुसली आणि शेजारचं स्टूल ओढलं.

"बस इथे," तो म्हणाला. "जागा रिकामी असली तर काय करायचं, तो धडा माझा राहिलाय. जायच्या आधी तेवढा शिकव."