दोन घोड्यांची घोंगडी

मी एक जुनी, काळी घोंगडी आहे, मित्रांनो. टेंभुर्णीजवळच्या एका वस्तीवर, आसराबाईंच्या पेटीत मी राहते. त्या मला उन्हात टाकतात, तेव्हा माझ्या विणीतून दोन घोड्यांचा वास उठतो. एक इथला, एक फार दूरचा.

१९८१ साली आसराबाईंनी आपल्याच मेंढ्यांची लोकर कातली, विणकराने मला विणले आणि चिंचोक्याच्या खळीने ताठ केले. दिवाळीनंतर कळप चाऱ्यासाठी निघे, तेव्हा तट्टाच्या पाठीवर सर्वांत आधी मी पडे. माझ्यावर भांडी, कोंबड्यांची टोपली आणि नुकतीच जन्मलेली कोकरे. माणसे मात्र पायी चालत. आसराबाईंचा मुलगा वसंता तट्टाचा दोर धरून पुढे असे.

पुढे कळप विकला गेला, तट्टूही म्हातारे होऊन गेले. वसंता शिकला आणि १९९८ मध्ये नोकरीसाठी जर्मनीला निघाला. आसराबाईंनी मला त्याच्या बॅगेत घातले. तिकडे त्याने मला कपाटाच्या तळाशी ठेवले. माझ्या खरखरीतपणाचा त्याला संकोच वाटत असावा. मी त्याला दोष देत नाही. तो स्वतःलाही तसेच घडी घालून ठेवत असे.

तो राहायचा त्या गावात दर शरदात सारे लोक घोड्यांवर बसून टेकडीवरच्या प्रार्थनामंदिरापर्यंत जात. तिथे घोड्यांना आशीर्वाद मिळे, मग जत्रा भरे. घरमालक फ्रान्झ आजोबा चाळीस वर्षे त्या मिरवणुकीत होते. पण पाय मोडल्यापासून डॉक्टरांनी त्यांना एकट्याने घोडा हाकण्यास मनाई केली होती. वसंताच्या घरी घोडा होता, हे कळताच त्यांनी मिरवणुकीसाठी आपली घोडी त्याला देऊ केली. त्याला घोड्यावर बसता येत असणार, हे त्यांनी गृहीतच धरले. वसंता मात्र जन्मात कधी घोड्यावर बसला नव्हता. हे सांगण्याचे धैर्य त्याला आठवडाभर झाले नाही.

मिरवणुकीच्या सकाळी त्याने मला बाहेर काढले. तबेल्यात माझी दुहेरी घडी घोडीच्या पाठीवर टाकली आणि तळहाताने एकेक सुरकुती काढली. घोडी स्थिर उभी राहिली. शेजारी उभ्या आजोबांना तो हळूच म्हणाला, "आजोबा, मला बसता येत नाही. आमच्याकडे घोड्यावर सामान असते. माणसे चालतात. मला फक्त दोर धरता येतो."

आजोबांनी दोर त्याच्या हातात दिला. मग म्हणाले, "तर मग दोर धर. आजचे सामान मी."

माझ्यावर खोगीर चढले, खोगिरावर आजोबा. वाटेत ढोलाच्या आवाजाने घोडी बिचकली, तेव्हा वसंताने जीभ टाळूला लावून घरी कळपाला शांत करायचा तोच आवाज काढला आणि ती शांत झाली. टेकडीवर शिंपडलेल्या आशीर्वादाच्या पाण्याचे चार थेंब माझ्यावरही पडले.

दुपारी जत्रेतूनच त्याने, आधी फोनवर ठरल्याप्रमाणे, टेंभुर्णीच्या टेलिफोन बूथवर फोन लावला. आसराबाई तिथे कधीच्या येऊन बसल्या होत्या.

"बसला का रं घोड्यावर?"

"न्हाई माय. म्हाताऱ्याला बसवलं. म्या दोर धरून चाललो."

"बराबर केलं. आन् घोंगडी?"

"घोडीच्या पाठीवर हाये."



"मंग झालं," आसराबाई म्हणाल्या.

त्यानंतर मी पुन्हा कपाटाच्या तळाशी गेले नाही. दोन वर्षे त्याच्या खाटेवर राहिले आणि त्याच्याबरोबरच घरी परतले.

मित्रांनो, घरून दिलेली वस्तू जपून ठेवा, पण लपवू नका. तिला अधूनमधून ऊन दाखवा. अंधारात लोकरीला फार लवकर कसर लागते.