बगळ्याचा पेटारा

मी एक जुना पेटारा आहे, चित्रांचा. माझ्या झाकणावर निळे पाणी आणि दोन पांढरे बगळे होते. आता एकच उरला आहे. दुसऱ्याचे काय झाले, तेच तुम्हाला सांगायचे आहे, मित्रांनो.

मला घडवणाऱ्या सुताराचा जीव रंगापेक्षा चापात होता. झाकण पडले की पितळी चाप आपोआप बसे. "आत मुंगी शिरायची नाही," तो मिशीवर ताव देत म्हणे. मुंगीच काय, हवासुद्धा शिरत नसे. लोक कौतुक करत आणि मी फुगून जाई. सासूकडून सुनेकडे असा मी तीन पिढ्या फिरलो. पुढे लोखंडी कपाटे आली. मग मी खिडकीखाली पडून राहिलो. माझ्यावर इस्त्रीच्या कपड्यांचे ढीग चढले. बगळे वर्षानुवर्षे कुणाला दिसले नाहीत.

शेवटची सासू गेली आणि मी थोरल्या सुनेच्या खोलीत आलो. तिची तीन वर्षांची मुलगी, पिटुकली, घरभर रांगोळीच्या ठिपक्यांसारखी सांडलेली असे. आईची नजर सतत टेबलाच्या कोपऱ्यांवर, विजेच्या बटणांवर. पहिल्याच आठवड्यात तिने माझा चाप काढून डब्यात घातला आणि डबा उंच फळीवर ठेवला. दात पडलेल्या म्हाताऱ्यासारखे मला वाटले. फार राग आला.

दोन भावांत एक पेटारा कसा वाटायचा? विकायचे ठरले. जुन्या वस्तूंचा पारखी यायच्या दिवशी धाकटा दीर म्हणाला, "वहिनी, चाप द्या. मूळचा चाप असला की मोल वाढतं."

"नको भाऊजी. मला भीती वाटते."

"तासाभराचा तर प्रश्न. आणि तुम्ही आहात की, घारीसारख्या."

तिने डबा उतरवला. दिराने हातोडी-पेचकस आणून नवे स्क्रू पिरगाळून आवळले.

पारख्याने भिंग लावून मला निरखले. "रंग अस्सल आहे. याचा जुना फोटो आहे का घरात?" आई फोटो शोधायला आतल्या खोलीत गेली. दीर चहा टाकायला गेला. पारखी फोनवर बोलत गॅलरीत गेला. माझे झाकण उघडेच होते. पिटुकलीला माझे रिकामे पोट दिसले. ती आत उतरली आणि झाकण पडले.

खट्.

हाच आवाज मी आयुष्यभर मिरवला होता. आतून इवले तळवे आपटत होते. "आई" हा शब्द माझ्या जाड फळ्यांत जिरत होता. मला सोडायचे होते, पण मला धरून ठेवण्यापलीकडे काही शिकवलेच नव्हते. मीच माझ्या चापात अडकलो होतो.

घरात लहान मूल असले की आईला आवाजाआधी शांतता ऐकू येते. ती फोटो टाकून थेट माझ्याकडे धावली. चाप दाबला. हलेना. जमिनीवर दिराची हातोडी पडली होती.

"ताई, थांबा," पारखी गॅलरीतून म्हणाला. "किल्लीवाला बोलावू. रंगाचे पोपडे उडतील."

पहिला घाव बगळ्याच्या मानेवर बसला. तिसऱ्याला फळी फुटली आणि आतून एक मूठ बाहेर आली. उरलेली फळी धावत आलेल्या दिराने हातांनी उपटली. पिटुकली रडू लागली.

"रड," आई म्हणाली. "मोठ्यानं रड."

"वहिनी, चूक माझी," दीर म्हणाला.

"आपली दोघांची. डबा मी उतरवला."

पारख्याने घसा खाकरला. "तरी नेतो मी. झाकण सांधून घेईन. भाव मात्र पडला."

"न्या. चाप मिळणार नाही."

"अहो, मूळचा चाप म्हणजे..."

"तुमच्या गिऱ्हाइकाच्या घरीही पोर असेल."

आता मी पारख्याच्या दुकानात, एका मोडक्या घड्याळाच्या आणि खुर्च्यांच्या मध्ये अडकून पडलो आहे. लोक येतात, भगदाडात बोट घालतात, निघून जातात. पारखी अजून सुतार शोधतो आहे. पण त्या भगदाडातून पहिल्यांदाच माझ्या पोटात उजेड येतो.

मित्रांनो, जुन्या वस्तूंची धूळ पुसा, त्यांचे रंग जपा. पण त्याआधी एकदा बघा, त्या आतून उघडतात का.