पोलीस गॅरेजमागे आहेत

मॅरिस्बर्गच्या पोलिसांचा रेडिओ त्या हिवाळ्यापर्यंत कुणालाही ऐकता येत असे. दुकानातून स्कॅनर आणायचा, चॅनल लावायचा, की गावात कुठे काय चाललंय ते कळे. एक स्कॅनर आमच्या वर्तमानपत्राच्या कचेरीत दिवसभर खरखरत असे, एक वर्ना स्टॅकपोलच्या स्वयंपाकघरात. मी पगार घेऊन ऐकत होतो, ती एकतीस वर्षं फुकट.

ती आणि आणखी तिघे मिळून गावासाठी इंटरनेटवर एक पान चालवत. त्यावर कुणाचंही नाव नसे. अकरा हजार लोक ते वाचत. ऐकणाऱ्यांचा एक नियम होता, कुठे लिहिलेला नाही, पण सगळे पाळत: लोकांनी कुठे जाऊ नये ते सांगायचं, पोलीस कुठे उभे आहेत ते कधीच नाही.

ऑक्टोबरात बर्च स्ट्रीटवर एक माणूस बंदूक घेऊन घरात कोंडून बसला. दुपारी तीनच्या सुमारास त्याने मागच्या गॅरेजच्या पातळ भिंतीतून गोळ्या झाडल्या. भिंतीपलीकडे शिपाई डेरेक लुंडी होता. गोळी खुब्यात शिरली.

जानेवारीत पोलीसप्रमुख हॅनराहन यांनी नगरसभेपुढे ठराव आणला: पोलिसांचं सगळं बोलणं सांकेतिक करायचं, बाहेरच्यांना बंद. सात नगरसेवकांपैकी चार विरोधात होते. त्यांचा म्होरक्या आयझॅक प्रुइट. ऐकणाऱ्यांच्या बाजूने शेवटचं बोलणार होती वर्ना.

"अमोनियाचं सांग," सभेआधी प्रुइट तिला म्हणाला. "शीतगृहाची गळती. भोंगा वाजायच्या आधी वीस मिनिटं तू पन्नास घरं रिकामी केलीस. एवढं सांग आणि खाली बस. भाषण नको, नाहीतर माझेच दोघे झोपतील."

"ते तर तू बोलतोस तेव्हाही झोपतात," वर्ना म्हणाली. पण हसली नाही.

हॅनराहन थोडक्यात बोलले. "त्या माणसाला खिडकीतून गॅरेजची मागची बाजू दिसत नव्हती. तरी त्याने नेमकी तिथेच गोळी घातली. त्याला कुणीतरी कळवलं."

"पुरावा?" प्रुइटने विचारलं.

"त्याच्या हातात फोन होता."

"चीफ, फोन तर माझ्या आईच्याही हातात असतो. ब्याण्णव वर्षांची आहे. तिलाही धरणार का?"

लोक हसले. दुसऱ्या रांगेत काठी टेकून बसलेला लुंडी खाली बघत राहिला.

वर्नाचं नाव पुकारलं. प्रत्येकाला तीन मिनिटं. तिच्या हातात टाइप केलेला कागद होता. तिने तो वाचायला घेतला, एक ओळ वाचली आणि घडी घालून पर्समध्ये ठेवला.

"त्या दिवशी पानावर मी होते," ती म्हणाली. "शाळा सुटायची वेळ झाली होती. बर्च स्ट्रीटची पोरं त्या मागच्या गल्लीने घरी येतात. मी लिहिलं, मुलांना गल्लीने आणू नका. तिथेच थांबायचं होतं. पण लोक विचारतात ना, का नको? म्हणून पुढे लिहिलं, पोलीस गॅरेजमागे आहेत. दोन मिनिटांनी माझं मलाच कळलं. मी ते पुसलं. तोवर रेडिओवर डेरेक ओरडत होता."

तिने दुसऱ्या रांगेकडे पाहिलं.

"त्या माणसाने ते वाचलं की नाही, मला ठाऊक नाही. चीफनाही ठाऊक नाही. पण मी ते लिहिलं होतं हे माहीत नसताना तुम्ही मत द्यावं, हे मला पटलं नाही. आणि तरीही मी सांगते, रेडिओ बंद करू नका. शीतगृहाच्या वेळीही मीच ऐकत होते."

तिचं एक मिनिट शिल्लक होतं. ते तिने घेतलं नाही.

ठराव पाच विरुद्ध दोन मतांनी मंजूर झाला.

बाहेर पार्किंगमध्ये प्रुइटने तिला गाठलं. "जिंकलो होतो गं आपण! तू फक्त गप्प बसायचं होतंस."

"आणि मग रोज सकाळी स्कॅनर कुठल्या तोंडाने लावला असता?"

लुंडी जवळून गेला. क्षणभर थांबला. "मिसेस स्टॅकपोल," तो म्हणाला, टोपीला हात लावला आणि लंगडत गाडीकडे गेला. त्यात राग होता की नाही, मला सांगता येणार नाही.

एक मार्चपासून रेडिओ बंद झाला. त्या आठवड्यातल्या गुरुवारी सकाळी दहाला पाच सायरन नदीच्या दिशेने गेले. मी पोलिसांच्या प्रवक्त्याला फोन लावला. "निवेदन देऊ" असं उत्तर मिळालं. फोन ठेवतो तोच वर्नाचा आला.

"पुलावर काय झालंय रे? माझी बहीण दहाला तिकडूनच येते."

"माहीत नाही, वर्ना."

"तुलाही नाही?"

"नाही."

ती फोनवर तशीच थांबली. मीही ठेवला नाही. निवेदन एक वाजून दहा मिनिटांनी आलं.