संपदाच्या हातचे क्रोसाँ

बाबांनी क्रोसाँ हातात घेतला, उलटसुलट करून पाहिला आणि सरळ थर्मासमधल्या चहात बुडवला. संपदाच्या जिवाची नुसती तगमग झाली. पहाटे उठून, पिठावर लोणी पसरून, घडीवर घडी घालून ज्या पापुद्र्यांसाठी तिने कंबर मोडून घेतली होती, त्यांचा कपात लगदा होत होता.

"बाबा, तो नुसता खायचा असतो."

"खारी कधी नुसती खातात का?" म्हणत बाबांनी दुसरा तुकडा बुडवला.

आता काय डोकं फोडायचं या माणसापुढे! मोहालीतली आयटीची नोकरी सोडून पोरगी शेजारच्या चंदीगडात, सेक्टर सतरामधल्या फ्रेंच बेकरीत लागली, त्याला वर्ष होत आलं. आता तर सगळा भटारखाना तिच्याच हाताखाली होता. पण बाबा फोनवर हवापाण्यापलीकडे काही बोलतील तर शपथ. शेवटी हट्टाने तिने त्यांना कराडहून चंदीगडला बोलावलं, आज सुट्टी काढली आणि रोझ गार्डनच्या हिरवळीवर चटई अंथरली. त्यांनी आपल्या हातचं खावं आणि कसं झालंय ते सांगावं, एवढंच तिला हवं होतं. चांगलं म्हणा, वाईट म्हणा, पण काहीतरी म्हणा.

बाबा बाकी सगळ्यावर बोलत होते. इथले रस्ते किती सरळ. गुलाबांना पाणी जरा जास्तच होतंय. शेजारच्या सरदारजींनी पगडी काय झोकात बांधलीये. लिंबाचा टार्ट संपला, एक्लेअर संपला, त्यातलं क्रीम मिशीला लागलं, तरी त्याबद्दल अवाक्षर नाही.

तेवढ्यात त्यांच्या बहिणीचा, उर्मिलाआत्याचा फोन आला.

"हो, पोचलो काल. संपदा ना? आहे की, मोहालीत, कंपनीतच. उत्तम चाललंय." बोलता बोलता त्यांनी आणखी एक क्रोसाँ उचलला, आणि हा मात्र चहाला न दाखवता खाल्ला.

फोन बंद होताच संपदाने क्रोसाँचा खोका ओढून घेतला. "खाताय माझ्या हातचं आणि आत्याला सांगताय मी कंपनीत आहे. एवढी लाज वाटत असेल तर खाऊ नका."

"लाज नाही गं."

"मग काय? वर्षभर तोंड शिवून बसलाय. वाईट झालंय का? तसं सांगा, मी रडणार नाही." डोळे आधीच भरले होते.

बाबांनी रुमालाने मिशी पुसली. मग चटईवर सांडलेले पापुद्रे बोटाने गोळा करू लागले.

"वाईट व्हायला हवं होतं," ते म्हणाले. "येताना गाडीत देवाला तेच सांगत होतो. पोरीला जमत नसलं तर समजूत घालून परत कंपनीत पाठवीन, आज ना उद्या पुण्याला बदली मागेल. तुझी आई गेल्यापासून घर खायला उठतं. आत्याला खरं सांगितलं की ती आशाच संपली. आणि तू इतकं सुरेख करतेस, आता कुठल्या तोंडाने चल म्हणू?"

वर्षभर जे ऐकायला ती तरसली होती, ते ऐकून तिला धड हसताही येईना. तिने खोका परत त्यांच्यापुढे सरकवला. त्यांनी त्याला हात लावला नाही.