जमा करून घेतलेला आवाज

मी प्रयोगशाळेतला फोन बोलतोय. विद्यापीठात मोबाइलची ॲप बनवायला शिकवतात, तिथला. माझ्या पाठीवर विभागाचा शिक्का आहे आणि काचेला कोपऱ्यात तडा. विद्यार्थी संगणकावर ॲप लिहितात आणि ते चालतंय का हे माझ्यावर बघतात. चाललं तर स्वतःची पाठ थोपटून घेतात, बंद पडलं तर मला टेबलावर आपटतात.

या वर्षी मी एका मुलीच्या वाट्याला आलो. मुलगी कसली, तिशी ओलांडलेली बाई. औषधांच्या दुकानात दिवसभर उभी राहून वर्गात यायची. बाकीची पोरं तिला तोंडावर ‘काकू’ म्हणायची. पुढे सरही म्हणायला लागले.

“काकू, कंस बंद करा. घरी डब्याला झाकण लावता ना, तसं.”

वर्ग खो खो हसायचा. तीही हसायची आणि मान खाली घालून तो कंस शोधत बसायची.

तिचं पहिलं ॲप अगदी साधं होतं. बटण दाबलं की ‘नमस्कार’ अशी अक्षरं उमटायची. ते जमेपर्यंत मी कितीदा तरी बंद पडलो. जमलं तेव्हा तिने मला गालाला लावलं. तसं आजवर कुणी केलं नव्हतं.

तिचे वडील बसचे कंडक्टर होते. आवाज असा खणखणीत, की दारात घुटमळणारी माणसं निमूट पुढे सरकायची. त्याच गळ्यात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, जीव वाचेल, आवाज जाईल. मग तिने प्रकल्पासाठी दुसरा विषय शोधलाच नाही. चित्रावर बोट ठेवलं की वडिलांच्याच आवाजात शब्द ऐकू येईल, असं ॲप तिने लिहायला घेतलं आणि शस्त्रक्रियेआधी मला घरी नेलं.

“बाबा, बोला. पाणी दे.”

“अगं, तहान नाहीये मला.”

“नंतर लागेल ना.”

त्यांनी मला तोंडाजवळ धरलं. मग एकेक शब्द बोलत गेले. पाणी दे. दुखतंय. पंखा लाव. शेवटी, तिने सांगितलेलं नसताना, “जेवलीस का गं?” तिने पटकन तोंड फिरवलं. आवाज माझ्या पोटात जमा झाला.

प्रकल्प दाखवायच्या दिवशी ती वडिलांना घेऊन आली. शस्त्रक्रिया झालेली, त्यांच्या गळ्याला रुमाल होता. सरांनी मला हातात घेतलं.

“रंग बघा! काकूंनी पडदे शिवलेत की ॲप केलंय?”

सरांनी ‘दुखतंय’च्या चित्रावर बोट ठेवलं. परत ठेवलं. मग मागच्या बाकावरच्या एकाने मला हिसकावून भराभर बोटं आपटली. दुखतंय, दुखतंय, दुखतंय. वर्ग पोट धरून हसला. मला थांबता येईना, मला तेवढंच शिकवलेलं. वडील दाराशी उभे राहून स्वतःचा आवाज ऐकत होते. शेवटी ॲप बंद पडलं.

“नापास,” सर म्हणाले.

“सर, आजारी माणूस असं नाही दाबणार हो.”

“ॲप माणूस बघून चालत नाही, काकू.”

वडील पुढे आले. सरांना काहीतरी सांगायला त्यांनी तोंड उघडलं, रुमालाखालून नुसती हवा बाहेर आली. मागून कुणीतरी तशीच हवा सोडून दाखवली. परत हशा.

वर्ग पांगल्यावर ती म्हणाली, “सर, यातले आवाज तेवढे काढून द्या. कसे काढायचे ते मला येत नाही.” तो धडा वेळ नाही म्हणून सरांनीच गाळला होता.

“दुसरीकडे नाहीत?”

“कुठेच नाहीत.”

“बाहेर थांबा. बोलावतो.”

ती अजून बाहेर बाकावर आहे, शेजारी वडील. आत सर चहा पिताहेत आणि प्रयोगशाळेतला मदतनीस जमा झालेले फोन पुढच्या वर्षासाठी एकेक करून कोरे करतोय.

“सर, त्या बाई थांबल्यात. यात त्यांचं काहीतरी आहे म्हणे.”

“विभागाच्या फोनवर कुणाचं काही नसतं. पूस.”

मदतनीस दाराकडे बघतो, मग माझ्याकडे. माझ्या काचेवर प्रश्न आलाय: सगळं पुसायचं का? तो मीच विचारतोय, आणि ‘नाही’ मला म्हणता येत नाही.

पुढच्या वर्षी मला हातात घेशील तू, जो कुणी असशील तो. माझ्यावर खुशाल शीक, चुका कर, हवं तर आपट. पण घरच्या माणसाचा आवाज माझ्याकडे ठेवायला देऊ नकोस. तेव्हा मी कोरा असेन, तुला हे सांगू शकणार नाही.

मदतनीसाने ‘हो’वर बोट ठेवलं.