शी-साहेबाचा घडीचा कीबोर्ड

लोकांची स्वयंपाकघरं तपासायची नोकरी, आणि नोकरी करणाऱ्याला उभ्या जगाची किळस. ओट्यावर तेलाचा डाग दिसला की शी. मोरीत केस दिसला की शी. स्वयंपाक्यांनी पाठीमागे त्याचं नाव शी-साहेब पाडलं होतं. ते त्याला ठाऊक होतं आणि मनातून आवडायचंही, आता बोला.

त्याचा जीव एका वस्तूवर होता, तीन घड्यांच्या कीबोर्डवर. तपासणी झाली की तिथल्या तिथे अहवाल पाठवायचा, असा ऑफिसचा नियम. बाकीचे बिचारे फोनवर अंगठ्याने लिहीत बसायचे. हा कुणाच्याही ओट्यावर कीबोर्ड उलगडायचा, त्यापुढे फोन टेकवायचा आणि दहा बोटांनी टकाटक सुरू व्हायचा. लिहितालिहिता घरून आणलेली बिस्किटं खायचा, कारण परक्या स्वयंपाकघरातलं पाणीसुद्धा त्याच्या घशाखाली उतरत नसे. निघताना हात तीनदा धुवायचा. कीबोर्ड मात्र कधी पुसला नाही, पाण्याने बिघडला तर काय घ्या.

त्या सकाळी बायको म्हणाली, तुमच्या बॅगेपाशी बारकं झुरळ दिसलं. झालं, साहेब उखडला. आधी तुझंच घर तपासायला हवं, असं तिला सुनावून तो बाहेर पडला.

त्या आठवड्यात त्याने तीन स्वयंपाकघरांना कुलूप लावलं होतं आणि ते गावभर झालं होतं. ओट्यावर जिवंत झुरळ दिसलं की कुलूप, महिनाभर. तिन्हीकडे सगळं चकचकीत होतं, पण अहवाल लिहिताना नेमकं हाताशी झुरळ निघालं. तिसरी खानावळ म्हाताऱ्या मामांची. सकाळीच घासूनपुसून काढलंय हो, हे आलं कुठून, असं विचारत मामा दाराची चौकट धरून उभे राहिले होते. सगळे असंच म्हणतात, असं म्हणून साहेबाने नाक मुरडलं आणि कुलूप घातलं.

त्या दिवशी पाळी कारखान्याच्या कँटीनची होती. ते चालवणाऱ्या काकूंनी सुरुवातीलाच सांगितलं, एक दिवस जरी बंद राहिलं तरी कारखाना हे काम दुसऱ्याला देईल आणि माझ्यासकट नऊ बायका घरी बसतील. साहेबाने शेगडीखाली टॉर्च मारला, पोती हलवली, मोरीची जाळी उचलली. तासभर झाला तरी काही सापडेना, याचीच त्याला चीड आली. शेवटी तोंड वाकडं करून त्याने ओट्यावर कीबोर्ड उलगडला.

दोन ओळी झाल्या असतील नसतील, दुसऱ्या घडीच्या बिजागरीतून केसासारख्या दोन मिशा बाहेर आल्या. मग झुरळ आलं. साहेबाच्या करंगळीवरून चालत ते ओट्यावर उतरलं.

काकूंनी झुरळाकडे पाहिलं, मग कीबोर्डकडे. त्यांनी चिमट्याने कीबोर्ड उचलला आणि ओट्यावर आपटला. बिस्किटांचा कुजका चुरा पडला, काळी लेंडकं पडली आणि आणखी दोन झुरळं पडली.

याच कीबोर्डवरून फिरलेल्या बोटांनी साहेब रोज बिस्किटं खात होता. तो मोरीकडे धावला आणि भडाभडा ओकला. शी म्हणायलाही तोंड मोकळं नव्हतं.

तोंड पुसत परत आल्यावर तो हळूच म्हणाला, तुमचा अहवाल स्वच्छ देतो, हे आपल्यातच राहू द्या.

"माझं स्वच्छच आहे, त्यात तुमचे उपकार नकोत," काकू म्हणाल्या. "मामांच्या ओट्यावर हाच उघडला होतात ना?"

साहेबाने मान डोलावली.

"मग ते लिहा. तिघांचंही लिहा. आणि दाराबाहेर उभं राहून लिहा."

कीबोर्ड त्यांनी पिशवीत कोंबला, दोन गाठी मारल्या आणि पिशवी उंबऱ्यापलीकडे टाकली. साहेब तिच्याशेजारी जाऊन उभा राहिला. झुरळं माझ्या सामानातून आली, हे एवढं वाक्य फोनवर अंगठ्याने लिहायला त्याला फार वेळ लागला. लिहितालिहिता त्याने आत पाहिलं. त्याने जिथे जिथे हात लावला होता, ती एकेक जागा काकू उकळत्या पाण्याने धूत होत्या.