मशीनवर चार जानेवारी

संगणकाच्या पडद्यावर पिवळी ओळ शुक्रवारी सकाळीच आली होती, आणि कल्याणीने ती झटकून टाकली. ‘या मशीनचं घड्याळ चुकलं आहे, निकालावर विसंबू नका.’ खाली निकाल मात्र हिरवागार. तिच्या मुलाच्या, आयुषच्या अंगभर कांजिण्या, एकशेदोन ताप. अशात कोण पिवळ्या ओळी वाचत बसतं? इशारा कुणालाच दिसू नये अशी सोय करून तिने परत थर्मामीटर झटकला.

काम फुकटचं, पण जिवाभावाचं. देवनागरी टायपिंगचं सॉफ्टवेअर; कुणीही घ्यावं, कुणीही सुधारावं. कोडमध्ये काही बदललं की आठ घरांतली आठ तऱ्हेची मशीनं तो बदल आपणहून उतरवून घेत, बिल्ड करून, म्हणजे कोडचा चालता प्रोग्राम बनवून, तपासत आणि निकाल पाठवत. चाललं तर हिरवा, बिघडलं तर लाल. त्या निकालांचं पान कल्याणी हिंजवडीच्या फ्लॅटमधून सांभाळायची. सगळ्यांत म्हातारं मशीन शनिवार पेठेत, कादरचाचांकडे. चाचा पूर्वी रेडिओ दुरुस्त करायचे. जुबेदाचाची गेल्यापासून एकटेच.

“हिरवं दिसलं म्हणून खूश होऊ नका, कल्याणीबाई,” ते एकदा फोनवर म्हणाले होते. “सिग्नलही हिरवा असतो. पुण्यात त्याच्या भरवशावर कुणी रस्ता ओलांडतं का?”

तेव्हा ती नुसती हसली होती.

रविवारी दुपारी आयुषचा जरा डोळा लागला, तेवढ्यात श्रीनिवासचा फोन. या कामातला तिचा सोबती, सध्या बंगळुरात.

“अगं, चाचांच्या मशीनवरची तारीख बघितलीस? चार जानेवारी दोन हजार! म्हातारबा दोन हजार सातातून सात वर्षं मागे गेले.”

“घड्याळाची आतली बॅटरी मेलीये रे. वीज गेली की ते एक जानेवारीपासून सुरू करतं. पुण्यात दर गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जातेच. मग आली की चाचा हाताने…”



“हाताने काय?”

“हाताने वेळ लावतात. दर गुरुवारी, तासाभरात.”

वीज आली की मशीन आपोआप सुरू व्हायचं, आपोआप बिल्ड करायचं, आपोआप हिरवं व्हायचं. माणूस लागायचा तो फक्त घड्याळापुरता. आणि गुरुवारपासून त्या घड्याळाला कुणाचा हात लागला नव्हता.

“गावाला गेले असतील,” श्रीनिवास म्हणाला.

“मशीन चालू ठेवून? ते भाजी आणायला गेले तरी मेल टाकतात.”

चाचांचा फोन नुसताच वाजत राहिला. पुन्हा लावला, पुन्हा वाजत राहिला. नवरा परदेशी, शेजारच्या काकूंना कांजिण्यांची धास्ती. तिने आयुषला कडेवर घेतलं, दारापर्यंत गेली. त्याच्या अंगाचा चटका गळ्याला बसला तशी परत फिरली. मग एका हाताने तिने या कामातल्या सगळ्यांना एकदम मेल जाते त्या यादीवर लिहायला घेतलं.

‘मंडळी, इशारा शुक्रवारीच आला होता. पान स्वच्छ दिसावं म्हणून मीच तो बंद केला. चूक माझी. कादरचाचांनी तीन दिवस मशीनला हात लावलेला नाही, फोनही उचलत नाहीत. माझं मूल तापाने फणफणलंय, मला निघता येत नाही. हे वाचणारं कुणी पेठांच्या आसपास असाल, तर उत्तर लिहीत बसू नका. शनिवार पेठ, सायकलच्या दुकानावरचा पहिला मजला. दार जोरात वाजवा, त्यांना कमी ऐकू येतं. कृपा करून आत्ता जा.’